कुरणातली नौका आणि तिचा कप्तान

२७ जून १८९८. मध्यरात्र उलटून एक वाजला होता. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट बंदरात एका छोट्या शिडाच्या नौकेने नांगर टाकला. स्पेनशी युद्ध सुरू असल्याने बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरलेले होते. ते टाळण्यासाठी ही नौका किनाऱ्यावरच्या खडकांना जवळजवळ चिकटून आत शिरली होती. तिची लांबी जेमतेम ३७ फूट होती आणि तिच्यावर माणूस एकच होता. तीन वर्षे दोन महिने आणि सुमारे ४६ हजार मैलांचा प्रवास करून तो परतला होता. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा हा पहिला माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम.

त्याच्या धाडसाची कहाणी अनेकांनी सांगितली आहे. मात्र या धाडसाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट अनेकदा मागे पडते. ज्या नौकेतून त्याने जगाला वळसा घातला, ती त्याला नवी मिळाली नव्हती. ती टाकून दिलेली, समुद्रापासून दूर एका कुरणात वर्षानुवर्षे टेकू देऊन उभी केलेली नौका होती. तिच्यात काय जपण्याजोगे आहे आणि काय टाकून द्यावे लागेल, हे त्याने ओळखले. जुन्या नौकेची पारख हा स्लोकमच्या आयुष्याचा खरा गाभा आहे. त्याचा शेवटही याच पारखेशी जोडलेला असावा, अशी शंका आजही घेतली जाते.

दीपगृहाच्या सावलीत

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात झाला. अकरा भावंडांत त्याचा क्रमांक पाचवा. तो आठ वर्षांचा असताना कुटुंब ब्रायर बेटावर राहायला गेले. आईचे वडील त्या बेटावरच्या दीपगृहाचे रखवालदार होते. फंडीच्या उपसागराच्या मुखाशी असलेला हा भाग प्रचंड भरती-ओहोटी, धुके आणि खडक यांसाठी खलाशांमध्ये कुप्रसिद्ध होता. वडील तेथे कोळ्यांसाठी कातडी बूट तयार करीत. जोशुआच्या हातीही लहान वयातच चामडे आणि आरी आली. पण त्याचे चित्त खिडकीबाहेरच्या शिडांत गुंतलेले असे.

चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि एका मासेमारी नौकेवर स्वयंपाक्या म्हणून लागला. ते फार दिवस टिकले नाही. आईच्या मृत्यूनंतर, १८६० मध्ये, सोळा वर्षांच्या जोशुआने घर कायमचे सोडले. हॅलिफॅक्सहून डब्लिन, तेथून लिव्हरपूल आणि मग चीनकडे जाणारे व्यापारी जहाज, असा त्याचा प्रवास सुरू झाला. अठराव्या वर्षी त्याने ब्रिटिश व्यापार मंडळाची परीक्षा देऊन जहाजावरील अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मिळवले. शालेय शिक्षण जवळपास नसलेल्या मुलाची ही मोठीच मजल होती. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १८६९ मध्ये त्याला स्वतंत्रपणे चालवायला पहिली नौका मिळाली. ती सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल यांच्या दरम्यान किनाऱ्यालगत ये-जा करीत असे. किनाऱ्याचा समुद्र म्हणजे काय, याचे धडे त्याने असे दोनदा गिरवले. आधी ब्रायर बेटावर आणि मग येथे.

शिडांचा काळ मावळताना

३१ जानेवारी १८७१ रोजी सिडनी येथे व्हर्जिनिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. व्हर्जिनियाने जहाजावरच संसार थाटला. त्यांची सात मुले समुद्रावर किंवा परक्या बंदरांत जन्मली. त्यांपैकी चारच जगली. लग्नानंतरच्या पहिल्याच सफरीत अलास्काच्या कुक आखातात वादळात नांगर घसरून 'वॉशिंग्टन' हे जहाज किनाऱ्यावर आपटले. स्लोकमने पत्नी, खलाशी आणि बराचसा माल उघड्या होड्यांतून सुखरूप परत आणला. जहाज गेले, पण संकटात डोके शांत ठेवणारा कप्तान असा लौकिक त्याला मिळाला.

पुढे फिलिपिन्समधील सुबिक उपसागराच्या काठी, स्थानिक कामगारांना हाताशी धरून त्याने एका वाफेच्या जहाजाचा दीडशे टनांचा सांगाडा बांधून दिला. मोबदल्याचा काही भाग म्हणून त्याला 'पाटो' नावाची ९० टनांची शिडाची नौका मिळाली. झाड तोडण्यापासून नौका पाण्यात उतरेपर्यंतचे सगळे काम या काळात त्याच्या हातांखालून गेले. वापरलेली नौका पारखायला बसलेल्या माणसाला बांधणीची ही माहिती किती उपयोगी पडते, हे पुढे दिसणार होते.

त्याच्या कारकिर्दीचे शिखर म्हणजे 'नॉर्दर्न लाइट' हे २३३ फूट लांबीचे देखणे जहाज. त्यात त्याची भागीदारीही होती. पण हेच जहाज त्याच्या पडत्या काळाची सुरुवातही ठरले. खलाशांनी उठाव केला, आणि एका अधिकाऱ्याला बेड्या घालून डांबून ठेवल्याबद्दल न्यायालयात स्लोकमला दंड झाला. त्यानंतर त्याने 'अ‍ॅक्विडनेक' हे तुलनेने लहान जहाज घेतले. २५ जुलै १८८४ रोजी ब्युनोस आयर्सच्या बंदरात याच जहाजावर व्हर्जिनियाचे निधन झाले. ती अवघी ३४ वर्षांची होती. १८८६ मध्ये त्याने आपल्या नात्यातील हेटी इलियट हिच्याशी दुसरा विवाह केला. पुढच्याच वर्षी 'अ‍ॅक्विडनेक'वर पुन्हा उठाव झाला. स्वसंरक्षणात त्याने गोळी झाडली आणि एक खलाशी ठार झाला. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. मात्र १८८७ सरता सरता ब्राझीलच्या पॅरानाग्वा उपसागरात जहाज वाळूत रुतून फुटले. त्याचा विमाही उतरवलेला नव्हता.

परतीचे भाडे मागत बसण्याऐवजी स्लोकमने मुलांना सोबत घेऊन जहाजाच्या मोडक्या लाकडांतून आणि जंगलातल्या झाडांतून ३५ फुटांची एक नौका बांधली. शिडे हेटीने शिवली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपुष्टात आली त्याच दिवशी, १३ मे १८८८ रोजी, ती पाण्यात उतरली, म्हणून तिचे नाव 'लिबरदादे', म्हणजे स्वातंत्र्य, असे ठेवले. सुमारे साडेपाच हजार मैलांचे अंतर ५५ दिवसांत कापून हे कुटुंब अमेरिकेला पोहोचले. मोठ्या जहाजाच्या कप्तानाला छोट्या नौकेची ताकद किती असते, याचा अनुभव या सफरीने दिला. हेटीला मात्र समुद्रावरचे बिऱ्हाड नकोसे झाले.

तोवर जग बदलले होते. वाफेच्या जहाजांनी शिडांचा धंदा गिळला होता. बोस्टनमध्ये स्लोकमला जहाज मिळेना. गोदीत सुतारकाम करावे म्हटले, तर कामगार संघटनेत शिरण्यासाठी ५० डॉलर भरावे लागत. पन्नाशीकडे झुकलेला, आयुष्यभर समुद्रावर वावरलेला हा अनुभवी माणूस जमिनीवर निरुपयोगी ठरत होता.

ताडपत्रीखाली काय होते?

१८९२ च्या हिवाळ्यात बोस्टनमध्ये त्याला एक जुना परिचित भेटला. व्हेलच्या शिकारीत नाव कमावलेला हा कप्तान म्हणजे एबेन पिअर्स. फेअरहेवनला ये, तुला एक जहाज देतो, पण त्याला थोडी दुरुस्ती लागेल, असे त्याने सांगितले. स्लोकम दुसऱ्याच दिवशी तेथे पोहोचला. समोर होते ते ताडपत्रीने झाकलेले, कुरणात टेकूंवर उभे केलेले जुनाट लाकूड. 'स्प्रे' ही एकेकाळी कालवे काढण्यासाठी वापरली जाणारी एका डोलकाठीची नौका होती. सात वर्षांपासून ती तेथे पडून होती. तिचे वय कोणालाच ठाऊक नव्हते. इसवी सन १ मध्ये ती बांधली असावी, अशी थट्टा शेजारीपाजारी करीत. पिअर्सने आपली थोडी मस्करीच केली, हे स्लोकमच्या लक्षात आले. गावकऱ्यांना वाटले, हा माणूस ती मोडून लाकूड विकणार. आपण ती पुन्हा उभी करणार, असे त्याने सांगितले तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले. हा सौदा परवडेल का, हा प्रश्न पुढे वर्षभर त्याला विचारला जात होता.

प्रश्न रास्त होता. लाकडी नौकेला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याचे भय अधिक असते. मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला काही प्रमाणात रोखते. पावसाचे पाणी मात्र डेकच्या कोपऱ्यांत, सांध्यांत आणि खिळ्यांभोवती साचून आतून लाकूड पोखरते. जमिनीवर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या नौकेच्या फळ्या सुकून आकसतात, त्यांच्यामधल्या सांधी उघडतात आणि टेकू चुकीच्या जागी असतील तर सारा सांगाडा हळूहळू वाकडा होतो. म्हणूनच जुनी नौका घेताना जाणकार माणूस रंगाकडे शेवटी पाहतो. आधी तो तळाच्या कण्याची सरळ रेष पाहतो, बरगड्या तपासतो, लाकडावर हलकेच हातोडी मारून आवाज ऐकतो. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते. संशय आला की टोचा खुपसून पाहतो. डोलकाठीचा पाया, तिला धरणारे दोर, त्या दोरांचे नौकेशी असलेले जोड आणि सुकाणूची बिजागरे यांचा क्रम त्यानंतर येतो. फायबरच्या आजच्या नौकांतही ही तपासणी फारशी बदललेली नाही. फक्त कुजलेल्या लाकडाच्या जोडीला थरांत मुरलेल्या ओलाव्याचा शोध घ्यावा लागतो.

या निकषांवर 'स्प्रे' जवळजवळ पूर्णपणे नापास होती. स्लोकमने तिच्यात काय बदलले याची यादी पाहिली, तर बदलले नाही असे काही उरत नाही. कण्यासाठी त्याने जवळचाच एक भक्कम ओक तोडला. शेजारच्या शेतकऱ्याने थोड्या पैशांत तो आणि बरगड्यांचे लाकूड ओढून आणून दिले. वाफेची पेटी करून त्यात बरगड्या मऊ केल्या, साच्यावर वाकवल्या. बाजूंना दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाइनच्या फळ्या, डेकला पांढरा पाइन आणि डोलकाठीला न्यू हॅम्पशायरचा स्प्रूस वापरला. फळ्यांची टोके जेथे जुळत तेथे आरपार बोल्ट घातले. असे बोल्ट आणि स्क्रू मिळून सुमारे हजार झाले. सांधींत आधी कापूस आणि त्यावर ताग ठासला. कापूस निसटेल, असा इशारा काही जाणत्यांनी दिला होता. तो निसटला नाही. व्हेलच्या शिकारीतले जुने कप्तान बांधणी पाहायला येत आणि बर्फ फोडत जाण्याइतकी ती दणकट आहे, असा निर्वाळा देत.

मग जुन्यातले राहिले काय? राहिला तो आकार. रुंद, पसरट, १४ फुटांहून अधिक रुंदीची ही बांधणी कोणा अभियंत्याच्या कागदावरून आलेली नव्हती. किनाऱ्यालगतच्या उथळ, अवखळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यांच्या अनुभवातून ती घडली होती. जुन्या नौकेत लाकूड बदलता येते, दोर आणि शिडे बदलता येतात. मूळ आकार मात्र बदलता येत नाही. तो चांगला असेल तरच बाकीच्या खर्चाला अर्थ असतो. स्लोकमची पारख ती हीच. त्याने जुन्या आकारालाच साचा मानून नवी नौका उभी केली. खुल्या समुद्राचा विचार करून फक्त पाण्यावरची उंची वाढवली. मध्ये एक फूट, पुढे दीड फूट आणि मागे १४ इंच. जुनी 'स्प्रे' नेमकी कुठे संपली आणि नवी कुठे सुरू झाली, हे त्यालाही सांगता येत नव्हते. एक एक भाग बदलत जहाज पूर्ण नवे झाले तरी त्याचे नाव तेच राहते, या जहाजविश्वातील जुन्या संकेतावर त्याने बोट ठेवले.

पूर्ण हिशेब असा झाला: सामानाचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट आणि स्वतःची १३ महिन्यांची मेहनत. मधूनमधून बंदरातल्या व्हेल-जहाजांवर मिळेल ते काम करून त्याने हा पैसा उभा केला. फुकट मिळालेली नौका किती महाग पडते, हे या आकड्यांतून कळते. पण ही किंमत त्याने आधीच ओळखली होती, आणि ती श्रमाने फेडण्याची त्याची तयारी होती.

आधी किनारा, मग महासागर

पाण्यात उतरल्यावर 'स्प्रे' डौलाने तरंगली. पिअर्सला सोबत घेऊन स्लोकमने बझर्ड उपसागरात तिची छोटी चाचणी घेतली. त्यानंतरचा एक हंगाम त्याने किनाऱ्यालगत मासेमारीत घालवला. गळाला आमिष लावण्याचे कसब आपल्या अंगी नाही, एवढाच निष्कर्ष त्यातून निघाला, असे त्याने पुढे मिश्कीलपणे नोंदवले. धंदा बुडाला, पण नौकेची ओळख पटली. वाऱ्यात ती किती कलते, कोणत्या शिडाने शांत राहते, नांगरावर कशी झुलते, या गोष्टी गोदीत कळत नाहीत. त्या किनाऱ्यावरच्या छोट्या फेऱ्यांतूनच कळतात.

२४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याने बोस्टन सोडले. मात्र लगेच महासागरात उडी घेतली नाही. आधी ग्लॉस्टर गाठले. तेथे एक टाकाऊ होडी घेतली आणि मधोमध कापून तिचा अर्धा भाग सोबत ठेवला; पूर्ण होडी डेकवर मावत नव्हती. हीच अर्धी होडी किनाऱ्यावर जायला आणि कपडे धुवायला उपयोगी पडे. मग तो आपल्या बालपणीच्या ब्रायर बेटावर गेला, तेथे पुन्हा एकदा नौकेची डागडुजी केली. यारमथ येथे त्याने पत्र्याचे एक घड्याळ एका डॉलरला विकत घेतले. तबकडी फुटलेली असल्याने दुकानदाराने दीड डॉलरची किंमत उतरवली होती. दुरुस्तीचे १५ डॉलर परवडत नाहीत म्हणून आपले जहाजी घड्याळ त्याने मागेच ठेवले होते. जुलैच्या सुरुवातीला त्याने अटलांटिकमध्ये प्रवेश केला. तोवर दोन महिन्यांहून अधिक काळ किनाऱ्यावरच गेला होता.

जिब्राल्टरला पोहोचल्यावर भूमध्य समुद्रातील चाच्यांविषयी ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांनी त्याला सावध केले. सुएझमार्गे जाण्याचा बेत सोडून त्याने मोर्चा वळवला आणि पुन्हा अटलांटिक ओलांडून ब्राझील गाठले. त्याला सर्वांत मोठा धोका खुल्या महासागरात नव्हे, तर किनाऱ्याजवळ आला. डिसेंबर १८९५ मध्ये उरुग्वेचा किनारा फार जवळ धरल्याने 'स्प्रे' रात्री वाळूवर चढली. नांगर दूर नेऊन टाकताना त्याची अर्धी होडी उलटली. स्लोकमला पोहता येत नव्हते. होडीला बिलगून, ती पुन्हा पुन्हा सरळ करीत तो कसाबसा वाचला. ओकचा कणा आणि बोल्टांनी जखडलेल्या फळ्या यांनी आपले काम चोख केले. भरतीवर नौका पुन्हा तरंगली. पुढे हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी तिच्या नाळेने पोवळ्याचा एक खडक फोडला, तरी नाळेवर ओरखडाही उमटला नाही.

प्रवासातही त्याची पारख थांबली नाही. शिडाचा आडवा दांडा त्याने आखूड केला. ब्युनोस आयर्सला डोलकाठी सात फुटांनी कापली, पुढचा दांडाही कमी केला. मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, जेथे वारे डोंगरांवरून कोसळतात, तेथे मागच्या बाजूला एक छोटे शीड जोडले. प्रत्येक बदलानंतर नौका अधिक सोपी, अधिक संतुलित होत गेली. तिचा एक गुण विलक्षण होता. शिडे नीट लावून सुकाणू बांधून ठेवले की ती स्वतःच दिशा धरून चालत राही. थर्सडे बेटापासून कीलिंगपर्यंतच्या २७०० मैलांच्या, २३ दिवसांच्या प्रवासात त्याने सुकाणूवर तीन तासांपेक्षा अधिक वेळ घालवला नाही. एकट्या माणसाला झोप मिळाली ती यामुळेच. हाही त्या जुन्या आकाराचाच प्रसाद होता.

कीर्ती आणि कुरतडणारी वर्षे

परतल्यावर सुरुवातीला फारसा गाजावाजा झाला नाही. वृत्तपत्रे युद्धाच्या बातम्यांनी भरलेली होती. हळूहळू व्याख्याने सुरू झाली. 'सेंच्युरी' मासिकातून लेखमाला आली आणि १९०० मध्ये त्याचे प्रवासवर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ते आजही वाचले जाते. १९०१ मध्ये बफेलो येथील मोठ्या प्रदर्शनात 'स्प्रे' लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. मिळालेल्या पैशातून स्लोकमने मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतले.

जमीन त्याला मानवली नाही. १९०५ पासून तो हिवाळ्यात एकटाच वेस्ट इंडीजकडे जाऊ लागला. शंख-शिंपले विकून आणि व्याख्याने देऊन गुजराण करू लागला. १९०६ मध्ये न्यू जर्सीतील रिव्हरटन येथे १२ वर्षांच्या एका मुलीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. आरोपाची तीव्रता नंतर कमी करण्यात आली. त्याला त्याने न्यायालयात आव्हान दिले नाही. ४२ दिवस तो तुरुंगात होता. त्याच्या चरित्रातील हे पान वगळून त्याचे चित्र पूर्ण होत नाही.

याच काळात 'स्प्रे'ची रयाही जात होती. शेवटच्या वर्षांत तिला पाहिलेल्या काहींनी दोर जुनाट झाल्याचे, डेकवर अस्ताव्यस्त पसारा असल्याचे सांगितले. दीड दशकापूर्वी एकेक बोल्ट स्वतः घट्ट करणारा हा माणूस आता पूर्वीच्या बारकाईने तिच्याकडे पाहत नव्हता, असे दिसते. माणूस आणि नौका, दोघेही थकत होते. १४ नोव्हेंबर १९०९ रोजी, वयाच्या ६५ व्या वर्षी, तो व्हिनयार्ड हेवनहून दक्षिणेकडे निघाला. त्यानंतर तो किंवा 'स्प्रे' कोणालाही दिसली नाही. १९२४ मध्ये कायद्याने त्याला मृत घोषित करण्यात आले.

काय झाले असावे? रात्री एखाद्या वाफेच्या जहाजाने नौकेला धडक दिली असावी, असे त्याच्या थोरल्या मुलाचे मत होते. काहींनी वादळाकडे बोट दाखवले, काहींनी झिजलेल्या फळ्यांकडे. पुढे नौकारचनाकारांनी 'स्प्रे'च्या आकाराचा अभ्यास केला. तिच्या संतुलनाची त्यांनी वाखाणणी केली. त्याच वेळी एक उणीवही दाखवून दिली. अशी रुंद नौका सुरुवातीला सहजासहजी कलत नाही. पण एका मर्यादेपलीकडे कलली, तर स्वतःहून सरळ होत नाही. तळाशी शिशाचे वजन नव्हते. भार म्हणून वापरलेले काँक्रीट नौकेच्या आतच होते. किनाऱ्यालगत काम करणाऱ्या नौकेला जो आकार वरदान ठरतो, तोच भर समुद्रात प्रसंगी घात करू शकतो. तरीही तिच्या प्रतिकृती जगभर बांधल्या गेल्या, आणि त्यांतून लोकांनी दूरदूरच्या सफरीही केल्या.

मुंबईशी जुळलेला धागा

स्लोकमने उघडलेल्या वाटेवर पुढे जे चालले, त्यांच्यापैकी काहींचे नाते थेट आपल्या किनाऱ्याशी आहे. १९६८-६९ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहैली' ही ३२ फुटांची सागवानी नौका मुंबईत बांधली गेली होती. ३१२ दिवसांच्या त्या सफरीत या सागवानाचा कस लागला. पुढे याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या मार्गदर्शनाचा लाभ भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांना झाला. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून त्यांनी २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि असे करणारे ते पहिले भारतीय ठरले. 'म्हादेई'ची बांधणी सुरू असल्यापासूनच दोंदे तिच्यासोबत होते. नौका माहीत करून घ्यायची तर तिचा सांगाडा उघडा असतानाच पाहावा, हे स्लोकमला फेअरहेवनच्या कुरणात उमगले होते.

मुंबईच्या बंदरात किंवा गोव्याच्या खाडीत आज कोणी वापरलेली छोटी शिडाची नौका घ्यायला निघाला, तर त्याला पृथ्वीप्रदक्षिणा करायची नसते. सुट्टीत किनाऱ्याकिनाऱ्याने मालवणपर्यंत जाऊन यावे, एवढीच बहुधा इच्छा असते. त्यालाही स्लोकमच्या आयुष्याकडून घेण्यासारखे बरेच आहे. नौकेचा आकार आपल्या पाण्याला साजेसा आहे का, हे आधी पाहावे. विकणाऱ्याने सांगितलेल्या किमतीत दुरुस्तीचा खर्च आणि स्वतःचा वेळ मिळवावा. सर्वेक्षकाला सोबत न्यावे, आणि त्याचा अहवाल वाचून स्वतःही टोचा हाती घ्यावा. लांबच्या सफरीआधी एक हंगाम जवळच्या पाण्यात काढावा. एवढे करून नौका घेतली म्हणजे पारख संपली, असे मात्र समजू नये. दोर दर पावसाळ्यात कुजतो, सांधी दर उन्हाळ्यात उघडतात. १८९२ मध्ये स्लोकमने 'स्प्रे'ला जे प्रश्न विचारले होते, तेच प्रश्न १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा विचारले असते, तर कदाचित तो त्या दिवशी बंदरातच थांबला असता.